पासपोर्टातली ‘बाई’

मंडळी, दोहाच्या विमानतळावर बसून लिहून राहिले. अंगावरचा काटा अजून गेला न्हाई.

काल नांदेडला आईची कोविड टेस्ट केली. लॅबातल्या तबस्सुमआपांनी रिपोर्ट पासपोर्टाशी अक्षर न् अक्षर ताडून बघितला. “ताई, पासपोर्टात ‘कमलबाई’ हाय, इथं नुसतं ‘कमल’. बाई सुटली तर तिकडं अडवतील.” जेवणाचा डबा तसाच ठेवून त्यांनी रिपोर्ट नवा काढला. उशीर व्हायलाय म्हणून मी मनात वैतागले होते.

आज इथं, पुढच्या विमानाआधी, कागद तपासणाऱ्या बाईनं तसंच नावावर बोट फिरवलं. आमच्या पुढच्या आजोबांना एका अक्षरापायी बाजूला बसवलं होतं. आईला मात्र हसून पुढं जाऊ दिलं.

आपा विमानात कधीच बसल्या न्हाईत, काल त्यांनीच सांगितलं. मग हा काउंटर त्यांना नांदेडातून कसा दिसला हो?