एकच तार

किन्शासातले पापा लुझोलो बास गिटारची तुटलेली जाड तार घेऊन वाद्यांच्या दुकानात आले. शनिवारी त्यांच्या बायकोचा, ओदेतचा, वर्षभराचा दुखवटा सुटणार होता; तिथल्या रीतीप्रमाणे त्या दिवशी नाचगाणं असतं, आणि त्यात त्यांनाच वाजवायचं होतं.

"चारही बदला, पापा," दुकानदार किसोका म्हणाला. "उरलेल्या तीन बेडकासारख्या डराव डराव करतात!"

"एकच दे."

"एक नवी, तीन जुन्या? पाहुणे हसतील."

"हसू देत."

तारांचा आवाज बसला की ओदेत त्या पोंडूच्या, म्हणजे कसाव्याच्या पाल्याच्या, भाजीच्या पातेल्यात पाणी घालून उकळून द्यायची, मग त्या पुन्हा खणखणीत वाजायच्या. तिचा हात लागलेल्या आता तीनच उरल्या होत्या. नवी तार घेऊन पापा दारापर्यंत गेले आणि थबकले.

"किसोका, तारा किती वेळ उकळायच्या रे? तिला कधी विचारलंच नाही मी."