गोलामागच्या आक्का

समोरच्या संघाच्या गोलकीपरशी सामना चालू असताना गप्पा मारणारी बाई मी आयुष्यात एकच पाहिली. त्या म्हणजे तुमच्या आजोबांची थोरली बहीण, आमच्या आक्का.

तुमच्या आवडत्या संघाचं जुनं स्टेडियम पाडणार म्हणून तुम्ही दोघं परवा फोनवर हळहळत होतात. तेव्हापासून आक्का माझ्या मनात येऊन बसल्या आहेत. तुम्ही तिकडे परदेशातच वाढलात, त्यांना कधी भेटला नाहीत. म्हणून हे लिहून पाठवते.

मी लग्न होऊन उमरग्याला आले तेव्हा आपल्या परसाच्या कमरेएवढ्या भिंतीपलीकडे मैदान होतं. हैदराबादला शिकून आलेल्या जुन्या मास्तरांनी गावाला फुटबॉलचा नाद लावला होता. मैदान उगवती-मावळतीला पसरलेलं, आणि उगवतीचा गोल आपल्या भिंतीला जवळजवळ टेकलेला. दुसऱ्या डावात पाहुण्यांचा गोलकीपर त्या गोलात यावा अशी आपल्या लोकांची खटपट असे. एक तर मावळतीचं ऊन त्याच्या डोळ्यांवर यायचं. आणि दुसरं म्हणजे पाठीमागे आक्का असायच्या.

"काय रं, कळंबचा का तू? घरून काय खाऊन आलास?"

मग आक्का विचारत, "लगीन झालंय का न्हाय? का माय पोरगी बघायलीय?" तो लाजून मागे वळे आणि तेवढ्यात चेंडू जाळ्यात. एकदा एकानं पंचाकडे तक्रार केली. आक्का भिंतीवर हात ठेवून म्हणाल्या, "म्या माझ्या घरात उभी हाय. ह्यानं हिकडं कान का ठिवावा?" पंचानं शिट्टी वाजवून खेळ पुढे चालू केला. सामना संपला की त्याच पोराला भिंतीवरून शेंगदाणे आणि गुळाचा खडा मिळायचा.

पहिल्या डावात मात्र त्या गोलात आपला गोलकीपर असे. तेव्हा आक्का मैदानाकडे पाठ करून ज्वारी निवडत बसायच्या आणि एक शब्द काढायच्या नाहीत. मी एकदा कारण विचारलं. "आपल्या लेकराचं ध्यान कशाला मोडायचं?" म्हणाल्या.

लग्नानंतर थोड्याच दिवसांत त्या माहेरी परत आल्या होत्या. का, ते त्यांनी सांगितलं नाही आणि आम्ही कुणी विचारलं नाही. त्या काळी आपल्याकडच्या बायका मैदानावर जात नसत. पण भिंतीशी उभ्या असलेल्या बाईला कुणी काही म्हणत नसे. मला शाळेत इंग्रजी शिकवायची सवय, मोजूनमापून बोलायची. आधी आधी हा आरडाओरडा ऐकून मी खिडकी लावून घ्यायची. नंतर खिडकी कधी उघडी राहू लागली ते कळलं नाही.

मग मैदान नवं करायचं ठरलं. गावात दोन तट पडले. एक म्हणे, बायपासच्या पलीकडे मोकळी जागा आहे, गाड्या लावायला बरं. दुसरा म्हणे, मैदान गावाबाहेर गेलं तर बघायला कोण जाणार? एके दिवशी खेळाचे मास्तर घरी आले आणि चहाचा कप हातात तसाच धरून बसले.

"आक्का, तुमच्या वाट्याची परसातली पट्टी मिळाली तर मैदान गावात राहतंय. न्हाय तर बायपासला जातंय."

"आन् गोल कुठं येतोय?"

मास्तरांनी कपात पाहिलं. "गोल उत्तर-दक्षिण हुतेत. मावळतीचं ऊन डोळ्यावर येऊ नये म्हणून तसं करतेत. तुमच्या बाजूला बसायच्या पायऱ्या येत्याल."

"त्या उन्हावर तर आपण जिंकायलोत इतकी वर्षं!"

मास्तर हसले, आक्का हसल्या नाहीत. ते गेल्यावर मी म्हटलं, "आक्का, जागा तुमची आहे. सरळ नाही म्हणा." त्या भिंतीपाशी जाऊन उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "मैदान बायपासला गेल्यावर ह्या भिंतीचं काय करू? समोर कुणीच नसंल तर बोलू कुणाशी?"

त्यांनी पट्टी दिली. मागितलं एवढंच, की पायऱ्यांच्या कडेला आपल्या परसातून मैदानात जायला एक दार ठेवा. भिंत पाडली त्या दिवशी त्या दिवसभर स्वयंपाकघरातून बाहेर आल्या नाहीत.

नव्या मैदानावर पहिला सामना लोहाऱ्याशी होता. आक्का नवं लुगडं नेसून दारातून आत गेल्या, जन्मात पहिल्यांदा मैदानावर. पायरीवर बसल्या. गोल कुठल्या कुठे लांब. त्यांनी एकदा "काय रं" म्हणून हाक मारली. आजूबाजूचे सगळे वळले, गोलकीपर सोडून. मध्यंतराला त्या घरी आल्या आणि दार लावून घेतलं.

"लई झ्याक केलंय. पर आवाज पोचत न्हाय," एवढंच म्हणाल्या आणि चप्पल काढून ठेवली. मला वाटलं, संपलं आता.

तेवढ्यात दार वाजलं. हातमोजे घातलेला लोहाऱ्याचा गोलकीपर दारात उभा होता. जुन्या गोलात बरीच वर्षं उभा राहिलेला.

"आक्का, तब्येत बरी न्हाय का? मागं कुणी बोलंना. करमंना झालंय मला."

आक्कांनी त्याला खालून वर पाहिलं. "घरून काय खाऊन आलास?"

"भाकर न् ठेचा."

"म्हणूनच हात घसरायलेत तुजे."

तो इतक्या मोठ्यानं हसला की पायऱ्यांवरचे लोक उठून पाहू लागले. आक्कांनी चप्पल पुन्हा पायात घातली.

पुढे तशी रीतच पडली. पाहुणा गोलकीपर सामन्याआधी आपलं दार वाजवून जायचा. आक्का दारातच त्याला काय बोलायचं ते बोलून घ्यायच्या आणि मग पायरीवर जाऊन बसायच्या.

गेल्या हिवाळ्यात आक्का झोपेतच गेल्या. आता ते दार कशाला उघडं, म्हणून मी बाजारातून एक चांगलं कुलूप आणलं. ते लावायच्या आधीच कळंबचा सामना आला आणि दार वाजलं. उंच, दाढी राखलेला एक खेळाडू उभा होता. बातमी त्याला ठाऊक होती. तरी रीतीप्रमाणे तो दार वाजवायला आला होता.

मी म्हटलं, "घरून काय खाऊन आलात?"

माझ्या तोंडून ते वर्गात प्रश्न विचारल्यासारखं आलं. तरी त्यानं उत्तर दिलं, "पोहे, आजी." तो वाट पाहत थांबला होता.

"मग आज हात घसरणार तुमचे," मी शेवटी म्हणाले.

त्याचा चेहरा एकदम खुलला. "बघू की!" म्हणत तो मैदानाकडे पळाला. मी चप्पल घातली आणि पायऱ्यांवर जाऊन बसले. कुलूप अजून पिशवीतच आहे.