भुलाबाईच्या मखरातल्या काचा

या वहीची सुरुवातीची पाने दादाच्या हातची आहेत. माझे शिक्षण मराठी चौथीपर्यंत. ऱ्हस्व-दीर्घ मला नीट कळत नाही आणि अक्षर किरटे येते. त्याच्या टपोऱ्या अक्षरामागे हे लिहायची लाज वाटते. वही कुणी उघडलीच तर चुका पोटात घालाव्या. मागची पाने कोरी राहिली ती माझ्यामुळे, म्हणून मीच लिहिते आहे.

आमचे गाव चिखलीपासून चार कोसांवर. दादा माझ्याहून दहा वर्षांनी मोठा. वऱ्हाडातल्या मुलांना मोठ्या शिक्षणासाठी नागपुरास जावे लागे, तसा तो गेला आणि तिथल्या कॉलेजात जीवशास्त्र शिकू लागला. नाटकाचे वेड त्याला आधीपासूनच होते. सुटीत घरी आला की आम्हा पोरींची भातुकली बघत ओसरीवर बसायचा, मांडीवर ही वही.

"एवढा घोडा झाला, अन् पोरीईत खेळून राह्यला," शेजारची काकू आईला ऐकू जाईल असे म्हणायची.

मी लोकांपुढे तोंड उघडत नसे. पाहुणा आला की धान्याच्या कोठीमागे जाऊन उभी राही. पण खेळात सासू नेहमी मीच, आणि सासू झाले की माझी जीभ थांबत नसे. दादाला त्याचेच नवल.

"तुले सासू कोणं केलं?" त्याने एकदा विचारले.

"कोणीच नाही. पदर घेतला की होते."

"अन् पदर काढला की?"

"मंग मी."

हे त्याने लगेच लिहून घेतले. ते पान अजून आहे.

त्याच्या कॉलेजातल्या सरांनी त्याला आपला जुना पितळी सूक्ष्मदर्शक सुटीपुरता दिला होता. त्यातून त्याने मला काचेवर ठेवलेला कांद्याचा पापुद्रा दाखवला. ओळीने खोल्या, आणि प्रत्येक खोलीत एक ठिपका.

"ह्या पेशी. जीव तयार होते तवा सगळ्या एकसारख्या असतात. मंग एक डोळा होते, एक कातडी होते. तुमी पोरी आंगणात येता तवा एकसारख्याच. मंग एक सासू, एक सून. नाटकवाले रंग लावून तेच करतात. ह्या तिन्हीत काही सारखं आहे का, तेवढंच मले पाह्यचं आहे."

कॉलेजात त्याची थट्टा होई. तुला नाटकाच्या खात्यात बसवावे की कांद्याच्या, असे विचारत. फक्त त्या सरांनी म्हटले होते, काचा पुऱ्या कर, चित्रे काढ, तुझा प्रबंध मी पुढे पाठवतो. सूक्ष्मदर्शकाखाली बघायच्या त्या काचा बोटाएवढ्या लांब होत्या आणि प्रत्येकीवर मध्ये रंगवलेल्या पेशींचा जांभळा डाग. निम्म्या दादाने वर्षभर खपून केलेल्या, निम्म्या सरांनी विलायतेहून मागवलेल्या. चित्रे काढायची म्हणून त्याने त्या घरी आणल्या होत्या. लाकडी पेटीत घालून पेटी फडताळात ठेवली होती.

तो महिना भुलाबाईचा. भुलाबाई-भुलोजीच्या मातीच्या मूर्ती मांडून आम्ही पोरी महिनाभर गाणी म्हणायचो, आणि झाकल्या डब्यातली खिरापत खुळखुळवून एकमेकींना ओळखायला लावायचो. कोजागिरीला ज्वारीच्या पाच धांड्यांचा, म्हणजे ताटांचा, मखर करतात. त्या वर्षी मखर आमच्या घरी होता. बालाजीच्या जत्रेत नाटकमंडळी आली म्हणून दादा देऊळगाव राजाला गेला होता. कोजागिरीला परत येतो म्हणाला होता. मला वाटले, तो बघेल, वहीत लिहील, तर मखर असा व्हावा की कुणाच्या घरी झाला नाही. मखराला खिडक्या कराव्या.

कांदा दाखवून झाल्यावर त्याने ती काच माझ्याकडूनच धुवून घेतली होती. म्हणून मला वाटले, पेटीतल्या ह्या धुवायच्या राहिल्या. मी त्या भांड्यांसारख्या राखेने घासल्या. जिथे डाग निघेना तिथे नखाने खरवडले. मग चिखलाने धांड्यांमध्ये बसवल्या. पोरींनी तोंडात बोटे घातली. दादा त्या दिवशी आलाच नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही मखरासकट भुलाबाई नदीत बोळवली, आणि दुपारी तो आला.

पेटी रिकामी बघून त्याने आईला विचारले, गड्याला विचारले. गड्यावर आळ येऊ लागला. मी कोठीमागे उभी होते. शेवटी मी ओढणीचा पदर डोक्यावर घेतला, बाहेर आले आणि सासूच्या आवाजात म्हणाले, "मी धुतल्या. राखेनं. नदीत गेल्या."

दादाने रिकामी पेटी खाली ठेवली.

"काऊन धुतल्या, बाई?"

"डाग पडले होते."

आम्ही दोघे नदीवर गेलो. गाळात हात घालून त्याने नऊ काचा काढल्या. एक उन्हाकडे धरून बघितली.

"लख्ख केल्या तू," एवढेच म्हणाला. तो रागावला असता तर बरे झाले असते.

प्रबंधाची मुदत गेली. आणखी एक वर्ष शिकवायला वडिलांपाशी पैसा नव्हता. दादा खामगावच्या शाळेत मास्तर झाला. सरांच्या काचांचे पैसे तो पगारातून थोडे थोडे फेडत होता. तिसऱ्या वर्षी विषमज्वर झाला आणि तो गेला. माझे लग्न तोवर चिखलीत झाले होते. आईने ही वही मला दिली. त्यात शेवटची ओळ काचा गेल्या त्याच दिवसाची आहे: "पदर घेऊन कबूल केले. एरवी बोलली नसती." त्यापुढे त्याने काही लिहिले नाही.

राहिलेले पैसे मी चोळ्या शिवून पाठवू लागले. मनिऑर्डरीवर 'नागपूर, मध्यप्रांत' असे स्वतः लिहायचे, चुकले तर पोस्टमन सुधारून घ्यायचा. सरांनी दोनदा कळवले, मुली, नको पाठवूस. मी पाठवत राहिले. सहा वर्षे लागली. काल शेवटच्या मनिऑर्डरीची पावती आली. सरांची सही आता थरथरते. तिच्याखाली त्यांनी लिहिले आहे, "पैसे पूर्ण पावले." पावती दादाच्या शेवटच्या ओळीपाशी ठेवली आहे.