ताईच्या उजेडाचा मुखत्यार

बसल्या जागी उजवा पाय हलवत राहायची घड्याळजींची जुनी खोड. दुसऱ्यांची घड्याळं वळणावर आणणाऱ्या या माणसाला स्वतःला घटकाभर चैन नसे. त्यात ताईने, म्हणजे थोरल्या बहिणीने, त्यांना मुखत्यार केलं आणि पायाला चाकच लागलं.

ताई घरी शिवणकाम करायची. शेजाऱ्याने तिच्या खिडकीसमोर भिंत चढवली आणि भर दुपारी सुईत दोरा ओवायला दिवा लागू लागला. तिने दावा लावला. पुढे खुब्याचं हाड मोडून ती दवाखान्यात पडली, तेव्हा मुखत्यारपत्रावर सही करून धाकट्याला म्हणाली, "आता तूच बघ बाबा."

घड्याळजींच्या लेखी मुखत्यार म्हणजे वकिलाच्या वरचा वकील. रोज आरशापुढे युक्तिवाद चाले. बायको म्हणे, "अहो, आरशाने कधीच हार मानली. जेवून घ्या."

कोर्टात ताईच्या वकीलबाई बोलायला उभ्या राहिल्या, तोच घड्याळजी उठले. "साहेब, हा शेजारी मुळातच खोटारडा..."

"आपण कोण?" न्यायाधीशांनी विचारलं.

"मुखत्यार."

"मग बसा. बोलायला तुमच्या वकील आहेत."

घड्याळजींचं तोंड एवढंसं झालं. बाकाखाली पाय थडथडू लागला.

दुपारी शेजाऱ्याचा निरोप आला: भिंत अर्ध्या खिडकीपर्यंत उतरवतो, दावा मिटवा. घड्याळजी उसळले. त्यांना भिंत भुईसपाट हवी होती आणि शेजाऱ्याचं नाक खाली. "नाही म्हणून सांगा!"

"सांगते," वकीलबाई म्हणाल्या. "पण नक्की ना? मी सल्ला देईन, बोलेन. हो की नाही ते ताईंनी ठरवायचं. म्हणजे आज तुम्ही."

घड्याळजी उठून बाहेर आले. त्यांनी दवाखान्यात फोन लावला. "ताई, काय करू गं?"

"हाड माझं मोडलंय, डोकं तुझं शाबूत आहे ना? मला सुई दिसली पाहिजे. बाकी तुझं तू बघ." फोन बंद.

ते व्हरांड्यात येरझारा घालत राहिले. अर्धी खिडकी... मनातल्या मनात ते ताईच्या मशीनपाशी जाऊन बसले. उभ्या माणसाला पुरेल तो उजेड बसलेल्या ताईच्या सुईवर कसा पडणार?

"आणखी हातभर खाली," ते परत येऊन म्हणाले.

"आणि भुईसपाट?"

"ते मला हवं होतं. ताईला नको."

वकीलबाईंनी तो हातभर असा मागितला, की आरशापुढे महिनाभर उभं राहूनही घड्याळजींना जमलं नसतं. शेजारी कुरकुरत कबूल झाला. ताईच्या वतीने घड्याळजींनी सही केली.

भिंत उतरली त्या दिवशी ते ताईच्या स्टुलावर बसले. दोरा पहिल्या झटक्यात ओवला गेला. पण ताई आपल्यापेक्षा बुटकी, नाही का? ते जरा वाकले, आणखी वाकले. पाय आपसूक मशीनच्या पायट्यावर गेला.

"अहो," बायको ओरडली, "कापड न लावता मशीन कसली पळवताय?"