गच्चीवरचा सूर्य आणि केळीच्या पाल्याचा धूर

नातीची दुर्बीण उसनी होती, संध्याकाळी परत द्यायची. सूर्याच्या कडेवरचा एखादा लहान उद्रेक उसळल्यापासून विझेपर्यंत सलग टिपला, तरच हौशी निरीक्षकांच्या गटात तिला घेणार होते. मध्ये खंड पडला की सगळं फुकट. आधीच्या सुट्ट्या ढगांनी खाल्ल्या होत्या.

वटारच्या आमच्या गच्चीवर तिने मला खुर्चीत बसवून दम दिला होता, कारण मी चालले की स्लॅब हलते आणि दुर्बिणीला जोडलेल्या लॅपटॉपवरचा सूर्य थरथरतो. वजनाला एवढा मान आयुष्यात पहिल्यांदाच मिळाला.

याच घरात मी पोटुशी असताना ग्रहण लागलं होतं. खिडकीच्या फटींत चिंध्या कोंबून, डोक्यावर गोधडी घेऊन बसले होते. सूर्य आपल्याला शोधत वटारपर्यंत येईल, इतकी ती गोधडीतली बया स्वतःला मोठी समजायची.

"आजी, आलाय," नात हळूच म्हणाली.

लाल थाळीच्या कडेवरून बारीक पिचकारी उडाली होती.

"एवढासाच?"

"आपली पृथ्वी त्यात बुडेल. हलू नकोस."

पिचकारी वर चढत राहिली. आणि मला वास आला. खाली वाडीत धाकट्या दिराने केळीचा वाळका पाला पेटवला होता, आणि वारा आमच्याकडेच होता.

"भावजी, विझवा ते," मी खुर्चीतूनच ओरडले.

"आत्ताच तर पेटवलाय वहिनी. तुमचे कपडे वाळत घातलेत काय?"

"पोरीचं काम अडलंय. पाणी ओता."

"आजी, पाणी नको," नात पुटपुटली, पण बादली रिकामी झाली होती. भिजल्या पाल्यातून पांढरा, दाट धूर उठला आणि सरळ गच्चीवर आला. थाळी मळकी झाली, मग राखाडी. पिचकारी दिसेना. नातीचं बोट लॅपटॉपच्या कळांवर फिरत होतं, उजेड वाढवत होतं. ती माझ्याकडे बघत नव्हती. मी श्वाससुद्धा जपून घेत होते.

राखाडीत एक फिकट रेघ उरली होती. नात तिच्यावर डोळे लावून बसली. धूर विरला तेव्हा ती रेघ वाकून परत सूर्यात पडत होती.

"तुटली का?"

"मळकी आली. पण सलग आहे."

"वहिनी, आनखी पानी ओतू?" खालून आवाज आला.

आम्ही दोघी एकदमच म्हणालो, "नको."