उस्मानभाईंची जबान

उस्मानभाई गेल्याची बातमी मला आमच्या शेठजींच्या मुलानं, छोट्या शेठनं दिली आणि दुसऱ्याच वाक्यात विचारलं, "शोकसभेत तुम्ही बोलाल ना?" मेहकरच्या बसस्टँडवर, तोंडात पान ठेवून. मी अजून "कधी?" असंही विचारलं नव्हतं. पिंपळगाव राजाला कुणाचंसं इंजिन दुरुस्त करत असताना छातीत कळ आली आणि बसल्या जागीच... मातीत ठेवून चार दिवस झाले होते त्यांना, आणि या लोकांची हाराची अन् फोटोची सोयसुद्धा झाली होती. मला शिसारी आली. तरी मी "बोलेन" म्हणालो. नाही म्हणायच्या जागी हो म्हणायची खोड मला पहिल्यापासून आहे, आणि ही सगळी हकिकत त्या खोडीचीच आहे.

शेख उस्मान मूळचे उंद्रीचे. मेहकरच्या बाहेर जी कापसाची जिनिंग होती, तिथे ते फिटर आणि मी मुनीम. महाराष्ट्र होऊन दोन-तीन हंगाम झाले असतील. आमचं काम तसं सोपं. गाड्यांतून आलेला कापूस आवारात ओतून त्याची गंजी रचायची, बायांनी टोपल्या भरून तो यंत्रांपर्यंत न्यायचा, ओट्यावर उभं राहून यंत्राला घालायचा. रुई एकीकडे पडते, सरकी दुसरीकडे. पण आमची गंजी होती फाटकाशी आणि यंत्रं पार मागे विहिरीजवळ. का? तर हंगामाच्या मुहूर्ताला पहिला कापूस फाटकासमोर ओतून नारळ फोडायचा, ही शेठजींच्या वडिलांपासूनची रीत. नारळ जिथे फुटला तिथेच पुढे गंजी चढायची, म्हणजे रस्त्यानं जाणाऱ्या येणाऱ्याला दिसावं की शेठजींकडे किती माल आहे. त्या दिमाखासाठी चौतीस बाया दिवसभर उन्हातून टोपल्या वाहायच्या. मी आठ हंगाम हे खिडकीतून पाहिलं आणि मला त्यात काही वावगं दिसलं नाही. हेसुद्धा सांगून टाकतो.

यंत्रघर सांभाळणारे जुने साहेब नोकरी सोडून गेले तेव्हा शेठजींनी उस्मानभाईंना यंत्रघराचा मुख्य केलं. साहेबांची खुर्ची होती, टेबल होतं, पंखा होता. उस्मानभाई त्या खुर्चीवर बसलेले मी एकदाही पाहिले नाहीत. पहिला आठवडाभर ते ओट्यापाशी नुसते उभे राहायचे. बोलणं नाही, ओरडणं नाही. मग एक दिवस त्यांनी स्वतः टोपली डोक्यावर घेतली आणि फाटकापासून ओट्यापर्यंत चालत आले. आम्ही कचेरीत पोट धरून हसलो. हमाल लोकही हसले. ते मात्र टोपली ठेवून कौसल्याबाईंजवळ गेले. ही बाई सगळ्यात जुनी, नवरा नसलेली, तोंडाची फटकळ. तिला त्यांनी विचारलं, "बाई, गंजी कुठं पायजे?" ती म्हणाली, ओट्याच्या मागं पायजे, हे पोरीलेही समजते, पण आमाले विचारलं कोनं?

त्यानंतर त्यांनी एकेकीला विचारायला सुरुवात केली. टोपली जड का, पाणी प्यायला फाटकापर्यंत का जावं लागतं, एक यंत्र अडलं की चार जणी बसून का राहतात. त्यांचा एकच शब्द असायचा, "काऊन?" आणि उत्तर ऐकल्यावर पुन्हा "काऊन?" बाया आधी लाजल्या, मग सांगू लागल्या. पण खरं काय ते सांगायच्या आधी कौसल्याबाईंनी सगळ्यांसमोर अडवलं. तुमी आमच्या तोंडून सारं काढून घेसान, काम लवकर उरकन, मग निम्म्या बाया कायले पायजे म्हणून आमालेच घरी बसवसान, असं ती म्हणाली. उस्मानभाई तसेच कचेरीत आले. माझ्या समोर त्यांनी शेठजींना विचारलं. शेठजींनी मान हलवून सांगितलं की कुणालाही काढायचं नाही, उस्मान, तुम्ही निर्धास्त राहा. उस्मानभाई बाहेर गेले आणि ओट्यासमोर उभे राहून म्हणाले, "एकही बाई घरी बसनार नाही. ही माही जबान हाय."

मग बायांनी जे सांगितलं ते ऐकून माणसानं तोंडात बोट घालावं. गंजी मागे आली. पुढच्या हंगामाला मुहूर्ताचा नारळ फाटकाशी फुटला, पण कापूस ओट्याजवळ उतरला. टोपल्या लहान झाल्या. पाण्याचा रांजण सावलीत आला. आणि सगळ्यात मोठं म्हणजे, यंत्रातून खटखट ऐकू आली की कुणाही बाईनं हात वर करायचा आणि पट्टा लगेच सरकवून यंत्र थांबवायचं, असं त्यांनी ठरवलं. बाईच्या हातानं यंत्र थांबतं, ही गोष्ट शेठजींच्या घशाखाली उतरेना. पण महिन्याभरात कापसातल्या खड्यानं ठिणगी उडून आग लागायच्या आत एका पोरीनं हात वर केला, आणि शेठजी गप्प झाले. दिवे लागेपर्यंत चालणारं काम चार वाजता संपायला लागलं. बाया उजेडातच घरी जायच्या. त्या दिवसांत आवारात गाणीबिणी ऐकू यायची... मला आजही वाटतं की त्या जागेनं पाहिलेले चांगले दिवस तेवढेच.

मार्गशीर्षात शेठजींनी मला आत बोलावलं. म्हणाले, चार वाजताच उरकतं म्हणजे बाया जास्त झाल्या. अकरा नावं लिहून आणा. मी उस्मानभाईंच्या शब्दाची आठवण दिली का? नाही दिली. मी "हो" म्हणालो. आणि नावं कशी निवडली तेही सांगतो, कारण पंधरा वर्षं ते माझ्या नरड्यात अडकून आहे. ज्यांच्या घरून भांडायला कोणी पुरुष येणार नाही, अशांची नावं मी आधी लिहिली. पहिलं नाव कौसल्याबाईंचं.

उस्मानभाईंनी यादी पाहिली. अक्षर माझं होतं, ते त्यांना ओळखू आलंच. ते शेठजींकडे गेले, आत काय झालं ते मला ऐकू आलं नाही, पण बाहेर आले तेव्हा त्यांच्या हातात नेहमीचा पाना नव्हता. तो त्यांनी शेठजींच्या टेबलावर ठेवून दिला होता. मला वाटलं आता हा माणूस माझी गचांडी धरणार. ते म्हणाले, "तुमाले इथंच राह्याचं हाय, मी तं चाललो. जबान मी देली होती, तोंडही मीच दाखवतो." आणि त्या अकरा जणींसमोर उभं राहून त्यांनी सांगितलं की हे माझ्याकडून झालं. ना शेठजींचं नाव घेतलं, ना माझं. मी खिडकीच्या आड मूग गिळून बसलो होतो.

बायांनी त्यातून घ्यायचा तोच अर्थ घेतला. या माणसानं गोड बोलून सारं काढून घेतलं आणि आपल्याच हातानं नावं कापली. बाजारच्या दिवशी कौसल्याबाई त्यांच्या वाटेवर थुंकली, तेव्हा मी चार पावलांवर होतो. तिनं मला मात्र "राम राम, भाऊ" केलं. आणि मी तो राम राम घेतला! पंधरा वर्षं घेत आलो. उस्मानभाई पुढे पिंपळगाव राजाला गेले, तिथे लोकांची इंजिनं दुरुस्त करत राहिले. मेहकरला कधी आलेच तर मान खाली घालून जायचे. माझ्याशी नीट बोलायचे, तब्येत विचारायचे. त्याचाही मला राग यायचा.

शोकसभा रीतसर झाली. छोटे शेठ म्हणाले की कमी माणसांत जास्त काम कसं करावं, हे उस्मानभाईंनी आम्हाला शिकवलं. टाळ्या पडल्या. खोटं बोलतात तेही धड नाही! तो माणूस माणसं कमी करायला निघाला नव्हता, पावलं कमी करायला निघाला होता. हे मला उठून म्हणता आलं असतं. मी त्यांच्या साधेपणावर पाच मिनिटं बोललो. छान बोललात, असं चार जणांनी सांगितलं. घरी येऊन मला माझ्या तोंडाचीच किळस आली.

त्यानंतरच्या आठवड्यात मी कौसल्याबाईंच्या घरी गेलो. आता पार थकली आहे ती. चुलीपुढे भाकरी करत होती. मी दाराशी बसलो आणि यादी माझी होती, नावं मी निवडली होती, उस्मानभाई पाना शेठजींपुढे ठेवून नोकरी सोडून गेले, सगळं सांगितलं. ती भाकरी थापत राहिली. परात, पीठ, पाण्याचा गडू, काटक्या, मीठ, सगळं तिच्या हाताच्या अंतरावर मांडलेलं होतं. मी बोलत होतो तेवढ्या वेळात ती एकदाही जागची उठली नाही, उठायची गरजच पडली नाही. माझी नजर तिकडे गेलेली तिनं पाहिली.

"हे असं मांडाचं त्याच्याचपासून शिकली मी," ती म्हणाली. "त्याले शिव्या देत देत रोज असंच मांडून राह्यली."

तिनं चुलीतली काटकी पुढे सारली.

"महिनाभर आधी आले असते तुमी भाऊ, तं मी पिंपळगावले गेली असती."

एवढं बोलून तिनं पुढची भाकरी तव्यावर टाकली, आणि मी दारातून बाहेर पडेपर्यंत मान वर केली नाही.