टेकू कोणी काढले

ओळंबा मिस्त्रींना हे नाव ज्या गवंड्याने ठेवलं, त्याच्याशी ते अकरा वर्षं बोलले नाहीत. नाव चिकटलं ते चिकटलंच. दोरीला लोंबणारं ते लोखंडी वजन, भिंत सरळ आहे की कलली आहे हे सांगणारं, त्यांच्या खिशात कायम असायचं. दवाखान्यात गेले तर नंबर येईपर्यंत डॉक्टरांच्या भिंतीला लावून बघायचे. लेकीच्या सासरी पहिल्यांदा गेले तेव्हा चहा यायच्या आत दिवाणखान्याची भिंत तपासली आणि "अर्धा इंच बाहेर आहे हो," असं व्याह्यांच्या तोंडावर सांगून मोकळे झाले. लेक अजून ते आठवून कपाळाला हात लावते.

माणसांनाही ते ओळंबा लावूनच बघत. चाळीस वर्षं दुसऱ्यांची घरं बांधलेल्या माणसाला पाणी कुठे मुरतं हे माहीत असतं, आणि म्हणून स्वतःचं घर बांधायला काढल्यावर तर त्यांचा कोणावरच विश्वास राहिला नाही. रेती आली की मुठीत दाबून हात झटकायचे, तळव्याला माती राहिली की ट्रक परत. वायरमनने आणलेलं बंडल त्यांनी जिन्यावर उलगडून पायरी-पायरीने मोजलं. ते बरोबर भरलं, तेव्हा त्यांना जास्तच संशय आला.

लेकीने विम्याचा कागद आणला तो असल्या माणसापुढे. ती एका ऑफिसात कामाला होती, तिला असल्या गोष्टी कळायच्या.

"बाबा, घर बांधून झाल्यावरचा विमा वेगळा आणि बांधत असतानाचा वेगळा," ती समजावत होती. "अर्धवट घराला छत नसतं, दारं नसतात. वारा, पाणी, आग, चोरी, सगळ्याची भीती तेव्हाच जास्त. काही पडलं-झडलं तर कंपनी भरून देते."

"माझी भिंत पडणार असं धरून चालणाऱ्यांना तू पैसे देऊन आलीस?" मिस्त्रींच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "बरं, बांधणाऱ्याच्या चुकीने पडली तर?"

"तर ते चुकीचं काम पुन्हा करायचा खर्च देत नाहीत."

"बघ! म्हणजे पडली की म्हणणार, मिस्त्री कच्चा होता. पैसे पण वाचले आणि माझी अब्रू पण गेली. नीट आखलेला डाव आहे हा."

"डाव नाही हो बाबा, नियम आहे."

"डाव करणारे त्याला नियमच म्हणतात," मिस्त्री म्हणाले आणि कागद न वाचताच घडी घालून ठेवला.

वरच्या मजल्यावरची लांब भिंत त्यांनी स्वतःच्या हातांनी उचलली. गडी होता, पण वीट त्याला लावू दिली नाही. छत अजून घालायचं होतं, म्हणजे भिंत नुसतीच उभी, वरून कसलीच पकड नाही. विटांमधला सिमेंट-रेतीचा माल सुकेपर्यंत अशा भिंतीला दोन्ही बाजूंनी लोखंडी पाइपांचे टेकू लागतात. ते पाइप-फळ्या भाड्याने देणाऱ्या परांचीवाल्याकडून आणले होते. परांचीवाला म्हणजे वीस वर्षांची ओळख. त्याची सगळी दौलत एक टेम्पो आणि निळा रंग मारलेले पाइप. त्याच्या चिठ्ठीवर चौदा पाइप लिहिले होते. मिस्त्रींनी खालून मोजले, बारा भरले.

झालं. तिथून मिस्त्रींचं डोकं चालायला लागलं, आणि ते नको त्या दिशेनेच चालायचं. रविवारी साइट बंद. हा परांचीवाला येणार, आणखी दोन उचलणार आणि सोमवारी म्हणणार, चौदा दिले होते, दहाच कसे? शनिवारी दुपारी गड्याला लवकर घरी पाठवून त्यांनी एक-एक करत सगळे टेकू काढले, खांद्यावरून खाली आणले आणि खालच्या सामानाच्या खोलीत ठेवून कुलूप लावलं. ठेवताना मोजले. चौदा होते. दोन जिन्याच्या मागच्या अंगाला होते, ते खालून दिसत नव्हते.

तेव्हाच परत लावायला हवे होते. चार दिवसांच्या भिंतीला टेकू हवेत हे त्यांनी आजवर पन्नास गड्यांना शिव्या देऊन शिकवलं होतं. पण खांदा दुखत होता, आणि चौदा पाइप परत वर नेणं म्हणजे आपण मूर्खपणा केला हे स्वतःपाशी कबूल करणं. एका दिवसाने काय होतंय, भिंत माझ्या हातची आहे, असं म्हणून ते घरी गेले.

रविवारी दुपारी वारा सुटला आणि भिंत बाहेरच्या बाजूला आडवी झाली. खाली पत्र्याची शेड होती. तिच्यात खिडक्या आणि फरशीचे खोके ठेवलेले. मिस्त्रींची बायको दहाच मिनिटांपूर्वी त्या खिडक्यांच्या काचा पुसून तिथून निघाली होती. मिस्त्री धावत पोहोचले तेव्हा ती रस्त्यापलीकडे दुकानाच्या पायरीवर बसली होती, हातात ते फडकं तसंच. तिचा हात धरावा असं त्यांना फार वाटलं, पण चार माणसं जमली होती.

त्यातल्या दुकानदाराने विचारलं, "अहो मिस्त्री, टेकू होते ना काल? काढले कोणी?"

"परांचीवाल्याने," मिस्त्री म्हणाले. "दुसरं कोण काढणार?"

शब्द तोंडातून इतक्या सहज पडले की क्षणभर त्यांना स्वतःलाही ते खरे वाटले. बायकोने मान वर करून पाहिलं. शनिवारच्या सदऱ्याच्या खांद्यावरचा पाइपांचा निळा रंग तिनेच सकाळी घासून काढला होता. घरी गेल्यावर ती एवढंच म्हणाली, "चोर सोडून संन्याशाला सुळी देऊ नका."

"कोण देतंय सुळी? चार लोकांत बोललो, संपलं."

पण संपलं नव्हतं. लेकीने लगेच कंपनीला कळवलं होतं. पाहणी होईपर्यंत ढिगारा हलवू नका, असा तिकडून निरोप आला. मिस्त्री दोन दिवस ढिगाऱ्याभोवती घिरट्या घालत होते. हलवू नका म्हणजे काय, आपली खोट शोधायला येणार. विटांची, मालाची, हाताची.

मंगळवारी सकाळी पाहणीला एक बाई आल्या, पन्नाशीच्या, पायात जाड बूट, हातात टेप. त्यांनी गोड बोलून चहा नाकारला, तेवढ्यावरून मिस्त्री सावध झाले. चहा न घेणारा माणूस पक्का असतो. बाईंनी विटेला चिकटलेला माल बोटांत चुरून पाहिला.

"माल चांगला आहे," बाई म्हणाल्या.

हीसुद्धा चालच, मिस्त्रींना वाटलं. आधी चढवायचं आणि मग पाडायचं.

बाई वर गेल्या. स्लॅबवर टेकूंच्या बुडाशी ठोकलेल्या लाकडी पाचरी तशाच होत्या. त्यांनी त्या मोजल्या, फोटो काढले.

"चौदा टेकू होते. पडताना नव्हते. कोणी काढले?"

लेक वही घेऊन शेजारी उभी होती. बायको जिन्यात. मिस्त्रींनी रविवारचंच उत्तर दिलं. "परांचीवाल्याने. न विचारता."

"मग अवघड काही नाही," बाई लिहू लागल्या. "तुमचं सगळं नुकसान कंपनी भरून देईल आणि नंतर त्यांच्याकडून वसूल करेल. त्यांचं पूर्ण नाव आणि पत्ता सांगा."

"वसूल म्हणजे? त्याच्याकडून? सगळं?"

"चूक त्यांची ना? मग सगळं."

मिस्त्रींना हा डाव सुचलाच नव्हता. आजवर त्यांनी शंभर जणांवर संशय घेतला, पण कोणाचं त्यात काही गेलं नव्हतं. लोक हसायचे, चिडायचे आणि दुसऱ्या दिवशी कामाला यायचे. आता संशय कागदावर चढत होता, आणि त्याच्यापायी एका माणसाचा टेम्पो जाणार होता.

तेवढ्यात खाली टेम्पोच थांबला. परांचीवाल्याला बातमी कळली होती. तो धापा टाकत जिना चढून आला. आला पाइप मागायला, मिस्त्रींच्या मनात आलं. आता म्हणेल, माझे पाइप कुठे, मोजून द्या.

"मिस्त्री, कोणी खाली नव्हतं ना?" त्याने विचारलं. मग तो जिन्यातल्या मिस्त्रींच्या बायकोकडे वळला. "वहिनी, तुम्ही ठीक आहात ना? मला आत्ता वाटेत कळलं हो."

मिस्त्री वाट बघत राहिले. पाइपांचं नाव निघालं नाही. तो ढिगाऱ्याकडे बघून नुसता चुकचुकत होता. एवढ्यात तरी विचारेल, एवढ्यात तरी, असं करत मिस्त्रींनी बराच वेळ दिला त्याला. त्याने विचारलं असतं तर त्यांना सोपं गेलं असतं.

"लिहू नका," शेवटी ते बाईंना म्हणाले. "टेकू मी काढले. हा दोन पाइप चोरेल म्हणून."

लेकीने वही मिटली. परांचीवाल्याचा चेहरा आधी कोरा झाला, मग लाल.

"वीस वर्षं, मिस्त्री," तो म्हणाला. "वीस वर्षांत एक फळी तरी कमी भरली होती का तुमची?"

मिस्त्रींना मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

"आणि बाबा," लेक हळूच म्हणाली, "साइटवरच्या चोरीचा विमा होता. भाड्याच्या पाइपांचासुद्धा. तिसऱ्या पानावर होतं."

बाईंनी आधीचं खोडलं. "भिंतीचं काही मिळणार नाही, वेळेआधी आधार काढला ही कामातली चूक आहे. पण तिच्याखाली चिरडलेल्या खिडक्या, फरशी आणि शेड, त्यांचं मिळतं. तसं मी लिहिते."

"माझी चूक आहे म्हणतोय, तरी देणार?" मिस्त्रींचा संशय अजून मेला नव्हता. "का?"

"त्या खिडक्यांनी काय चूक केली होती?" बाई म्हणाल्या आणि लिहिलेलं त्यांना वाचून दाखवू लागल्या. "'घरमालकाने अजाणतेपणी टेकू काढल्यामुळे...' बरोबर आहे? करा सही."

लेकीने पेन पुढे केलं. मिस्त्रींनी घेतलं, कागदावर टेकवलं आणि तसंच धरून ठेवलं. परांचीवाला जिन्याकडे वळला होता.

"मालकाने नको," मिस्त्री म्हणाले. "मालकाला काय कळतंय? आणि ते अजाणतेपणीही काढा. मिस्त्रीने काढले असं लिहा. माहीत असून."